झाडाखालची कोरडी जमीन : दख्खनच्या बागांचा एक उपेक्षित प्रश्न

सावलीचा विचार आपल्या साहित्याने जवळजवळ नेहमीच वाटसरूच्या बाजूने केला आहे. उन्हात भाजून निघालेला माणूस झाडाखाली येतो, विसावतो, पुढे जातो. आणि त्याच्या कृतज्ञतेतून झाडाला औदार्याचे प्रतीक म्हणून प्रतिष्ठा मिळते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात समदृष्टीच्या भक्ताचे वर्णन आहे. तिथे ज्ञानेश्वर झाडाचाच दाखला देतात. कुऱ्हाडीचा घाव घालणारा आणि रोप लावून वाढवणारा, या दोघांनाही झाड सारखीच सावली देते. व्यवहारातल्या बोलण्यात मात्र सावलीकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आढळते. थोरामोठ्यांच्या मुलांचा विषय निघाला, की मोठ्या झाडाखाली लहान झाड वाढत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पहिल्या दाखल्यात सावली हे दान आहे, दुसऱ्यात ती अडसर आहे. सावलीत सापडलेल्या रोपाचा प्रश्न दुसऱ्या वाक्यात निदान उच्चारला तरी गेला आहे.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न शब्दशः घ्यायचा आहे. आंबा, चिंच, वड, गुलमोहर अशा झाडांच्या घेराखालच्या जमिनीत काय लावावे, हा उष्ण प्रदेशात बाग करणाऱ्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न. इंग्रजी बागपुस्तकांत अशा जागेला स्वतंत्र संज्ञा आहे; मराठीत तिला 'कोरडी सावली' म्हणता येईल. या जागेची अडचण दुहेरी असते. पावसाचा काही भाग पानांवरच अडतो आणि तिथूनच वाफ होऊन जातो. जो खाली पोचतो तो झाडाची मुळे ओढून घेतात, कारण बहुतेक झाडांची पाणी शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात. उजेड कमी असतो, हे तर उघडच आहे. म्हणजे जी सावली वाटसरूला गारवा देते, तिच्यातच रोपटे उपाशी आणि तहानलेले राहते. या अडचणीला आपल्या भूभागात कोणकोणती उत्तरे दिली गेली, हा बागकामाचा इतिहास आहेच. पण तो पाण्याचा, श्रमाचा आणि शब्दांचाही इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात रस घ्यावा तो या शेवटच्या कारणासाठी.

*

प्रश्नाची जाण जुनी आहे. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील 'बृहत्संहिते'त भूगर्भातील पाणी कसे ओळखावे हे सांगणारा 'दकार्गल' हा अध्याय आहे आणि त्याला लागूनच 'वृक्षायुर्वेद' येतो. आधी पाणी आणि मग झाड, हा क्रम सूचक वाटतो. दोन झाडांमधले अंतर वीस हात असणे उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात किमान, असे वराहमिहिर सांगतो. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर हे अंतर अठरा ते तीस फूट होते. अंतर का राखावे, याचे त्याने दिलेले कारण अधिक महत्त्वाचे आहे. जवळजवळ उगवलेली, एकमेकांना स्पर्श करणारी आणि मुळे एकमेकांत गुंतलेली झाडे पीडित होतात आणि नीट फळत नाहीत, असे तो म्हणतो. झाडांमधली स्पर्धा जमिनीखाली चालते, ही ओळख यात स्पष्ट आहे. पुढे सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा स्वतंत्र ग्रंथ झाला. त्याचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होते. १९९६ साली नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह ते प्रकाशात आले.

या जाणिवेतून निघालेले पहिले उत्तर सरळ होते : सावली कोरडी असेल तर तिथे पाणी न्यावे. 'शाकुंतला'चा पहिला अंक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. प्रस्तावनेतच ग्रीष्म नुकता सुरू झाल्याचे सांगितले आहे, आणि शकुंतला व तिच्या सख्या घडे घेऊन आश्रमातल्या झाडांच्या आळ्यांत पाणी घालताना प्रथम दिसतात. आपला 'आळे' हा शब्द संस्कृत 'आलवाल'पासून आला. आंब्याला बिलगलेल्या नवमालिकेच्या वेलीला शकुंतलेने 'वनज्योत्स्ना' हे नाव दिले आहे. आंबा आणि वेल यांच्या विवाहाची ही कल्पना रसिकांनी नेहमीच कौतुकाने वाचली. बागेच्या अंगाने पाहिले तर मात्र असे दिसते, की मोठ्या झाडाच्या बुंध्याशी लावलेली ही नाजूक वेल उन्हाळ्यात घड्याच्या पाण्यावरच तगणार आहे. तपोवनाची हिरवाई तीन मुलींच्या कमरेवरच्या घड्यांवर उभी आहे, आणि कालिदासाने ते श्रम लपवलेले नाहीत.

कोकणातली वाडी आणि गोव्यातले कुळागर ही याच उत्तराची पूर्ण वाढलेली रूपे आहेत. वर माड आणि पोफळी, त्यांच्या खोडावर मिरीचे आणि पानाचे वेल, मधल्या थरात केळी, जमिनीलगत हळद, आले, अळू. एकाखाली एक असे हे तीन-चार थर सुखाने नांदतात, कारण झऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी पाटाने प्रत्येक बुंध्याशी पोचते. कुळागरातली सावली दाट असली, तरी ती कोरडी नसते. देशावरचा पानमळाही याच जातीचा. शेवरी, हादगा, पांगारा यांच्या विरळ सावलीत पानवेल वाढते ती मोटेच्या किंवा पाटाच्या पाण्यावर.

पेशवेकालीन पुण्यातल्या वाड्यांचे चौकही ओल्या सावलीचेच होते. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालील दगडी नळांवाटे शहरात पाणी आणले आणि ते हौदांत खेळू लागले. हौदापाशी सांडलेल्या पाण्यावर चौकातली कर्दळ किंवा अळू पोसला जात असे. जिथे माणसांचा वावर आणि पाणी एकत्र होते, तिथे सावलीत काय लावावे हा प्रश्नच उद्भवत नव्हता. बाग घरापासून आणि हौदापासून दूर गेली, विस्तीर्ण झाली आणि केवळ पाहण्यासाठी उरली, तेव्हा तो खऱ्या अर्थाने उभा राहिला.

*

हा बदल छावणीबरोबर आला. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्याच्या भोवती लष्करी वस्ती आणि बंगले उभे राहू लागले. एका बंगल्याभोवती एकेका वाड्याच्या कितीतरी पट मोकळी जागा, कडेने मोठी झाडे आणि मधोमध हिरवळ, हा त्याचा नमुना. याच काळात वनस्पतींची सरकारी नोंदही सुरू झाली. पुण्याजवळ दापोडीला १८२८ मध्ये शासकीय वनस्पती उद्यान स्थापन झाले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा प्रमुख होता. पुढे १८४७ मध्ये तोच मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून उद्यानातल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली ही चित्रे २००२ मध्ये एच. जे. नोल्टी यांच्या ग्रंथातून सर्वांसमोर आली. चित्रकाराचे नाव मात्र नोंदलेले नाही. दापोडीची बाग बंद पडली आणि १८७३ मध्ये गणेशखिंडीत नवे वनस्पती उद्यान सुरू झाले. त्याचा अधीक्षक जी. मार्शल वुड्रो याने भारतातील बागकामावर लिहिलेले पुस्तक पुढे अनेक आवृत्त्यांतून वाढत गेले. बंगालात फर्मिंजर या पाद्र्याचे बागकामाचे पुस्तक त्याआधीच, १८६०च्या दशकात, प्रसिद्ध झाले होते.

या पुस्तकांचे वाचक मनाने इंग्लंडातल्या बागेत वावरत होते. त्या बागेत झाडाखालच्या जमिनीला स्वतःचे असे सौंदर्यशास्त्र होते. विल्यम रॉबिन्सनचे 'द वाइल्ड गार्डन' १८७० मध्ये आले, गर्ट्रूड जीकिलचे 'वुड अँड गार्डन' १८९९ मध्ये. झाडांच्या तळाशी फुले आपोआप उगवल्यासारखी पसरावीत, ही कल्पना या लेखकांनी रुजवली. इंग्लंडच्या हवामानात ती साधते, आणि तिच्यामागे एक साधे गणित आहे. तिकडची पानझडी झाडे हिवाळ्यात उघडी होतात. वसंतात पाने फुटण्याआधी काही आठवडे सूर्यप्रकाश थेट जमिनीपर्यंत पोचतो, आणि त्याच वेळी जमीन हिवाळ्यातल्या पावसाने ओली असते. उजेड आणि ओल अशा रीतीने एकत्र भेटतात. ब्लूबेलसारखे कंद तेवढ्या अवधीत फुलून घेतात.

दख्खनच्या पठारावर हे गणित उलटे होते. पुण्यात वर्षाला सुमारे सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. इथली पानझडी झाडे फेब्रुवारीपासून पाने टाकतात. तेव्हा झाडाखाली भरपूर ऊन येते, पण जमीन वाळून भेगाळलेली असते. पाऊस येतो तोवर साग, गुलमोहर पुन्हा पानांनी भरलेले असतात. उजेड असतो तेव्हा ओल नसते आणि ओल असते तेव्हा उजेड नसतो. आंबा आणि चिंच तर बाराही महिने दाट. चिंचेखाली निजू नये, तिच्याखाली काही उगवत नाही, अशा लोकसमजुतींना या अनुभवाचा आधार असावा. जी कल्पना सरेमध्ये सहज साधत होती, ती पुण्यात दर वर्षी मरत होती. यात माळ्याचा दोष नव्हता. त्या काळच्या इंग्रजी लेखनात माळी येतो तो मात्र बहुधा तक्रारीचा विषय म्हणून.

बंगल्याने यावर जो तोडगा काढला तो आजही आपल्या व्हरांड्यांत दिसतो : कुंडी. कुंडीत रोपाची मुळे झाडाच्या मुळांपासून वेगळी होतात आणि स्पर्धाच संपते. झाडाखाली, पायऱ्यांवर, पोर्चमध्ये कुंड्यांच्या रांगा लागल्या. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर जगभरातल्या शोभेच्या पानांची हौस शिगेला पोचली होती. नॅथॅनियल वॉर्डने शोधलेल्या काचेच्या बंद पेट्यांमधून जिवंत रोपे समुद्रमार्गे सुखरूप जाऊ लागल्यावर दक्षिण अमेरिकेतली कॅलेडियम आणि पॅसिफिक बेटांवरचे क्रोटन दख्खनमध्ये पोचले. या वनस्पती दमट वनांतल्या. त्यांना इथे जगवायचे तर दिवसाआड पाणी आणि ते घालणारा माणूस हवा. म्हणजे कुंडी हेदेखील पाणी नेण्याचेच उत्तर झाले. कुळागराचा पाट जाऊन त्या जागी माळ्याची झारी आली, एवढाच फरक. कुळागरात पाण्याबरोबर पीकही होते. कुंडीत उरली ती शोभा, आणि ती राखणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

*

पण मोठ्या झाडाखाली काहीच वाढत नाही, हे खरे असते तर सह्याद्रीतल्या रानांचा तळ उघडा असता. तो तसा नाही. याच हवामानात, माणसाने एक घडाही पाणी न घालता, तिथे वनस्पतींचा एक पूर्ण समाज नांदतो. त्याने शोधलेली उत्तरे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत.

पहिले उत्तर सोशिकपणाचे. कारवी हे त्याचे मोठे उदाहरण. सह्याद्रीच्या उतारांवर झाडांखाली ती दाटीने वाढते, उन्हाळ्यात करड्या काड्यांसारखी उभी राहते, आणि आठव्या वर्षी एकदाच फुलून, बी धरून मरते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ ही तिच्या फुलोऱ्याची वर्षे होती. तिच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून पिढ्यान्‌पिढ्या घरे उभी राहिली. मुरुडशेंग आणि दिंडा यांचाही वावर रानाच्या याच मधल्या थरात असतो. अडुळसा आणि कोरांटी ही दोन झुडपे तर रानातून गावकुसाच्या कुंपणावर आली. विरळ सावली आणि कोरडी जमीन दोन्हींना चालते, आणि अडुळशाला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. अबोलीला ओल थोडी जास्त हवी, पण भर उन्हापेक्षा ती पडछायेत अधिक रमते.

दुसरे उत्तर साठवणीचे. शतावरी मांसल मुळांच्या जुडग्यात पाणी राखते. नागदवणा कांद्यात राखतो. या वर्गातली साहित्याशी थेट नाते असलेली वनस्पती म्हणजे मूर्वा. मनुस्मृतीत क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेची असावी असे सांगितले आहे. धनुष्याच्या दोरीला संस्कृत काव्यात 'मौर्वी' म्हणतात, ते या मूर्वेवरूनच. पण मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी एकमत नाही. बंगालात हे नाव तलवारीच्या पात्यासारख्या ताठ, जाड पानांच्या एका झुडपाला दिले जाते. महाराष्ट्रात वैद्य मोरवेलीला मूर्वा मानतात. बंगालातल्या त्या झुडपाचा चिवट धागा विल्यम रॉक्सबर्गसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत भरला आणि इंग्रजीतही त्याला धनुष्याच्या दोरीवरूनच नाव पडले. आज शहरातल्या प्रत्येक कार्यालयात दिसणारा 'स्नेक प्लँट' हा त्याचाच पश्चिम आफ्रिकेतला भाऊबंद. रात्री पर्णरंध्रे उघडून हवा घ्यायची आणि दिवसा ती मिटून ओल वाचवायची, या सवयीमुळे तो कोरड्या सावलीत तगतो. संस्कृतच्या तासाला 'मौर्वी'चा अर्थ 'प्रत्यंचा' असा लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याला, वर्गाबाहेरच्या कुंडीत या शब्दाचा एक नातलग उभा आहे, हे बहुधा कोणी सांगत नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत विचार करायला लावणारे वाटते. ते आहे नाहीसे होण्याचे. भुईचाफा उन्हाळ्यात, अंगावर एकही पान नसताना, थेट जमिनीतून फूल काढतो; पाने नंतर येतात. शेवळा पहिल्या सरींबरोबर कोंब वर काढतो, आणि ठाणे-रायगडच्या बाजारात आदिवासी बाया त्याच्या जुड्या घेऊन बसतात. खाज मारण्यासाठी काकडाची आंबट फळेही सोबत असतात. रानहळद पावसात फुलते. पेव आणि पांढरी मुसळी पावसाळाभर हिरवी असतात. मग ऑक्टोबरच्या उन्हानंतर ही सारी मंडळी पिवळी पडून जमिनीत जातात आणि आठ महिने कंदरूपाने राहतात. उजेड आणि ओल यांची गाठ पडत नाही, या अडचणीवर त्यांनी काढलेली वाट अशी, की मिळेल त्या कमी उजेडात चार महिन्यांचे जगणे उरकावे आणि उरलेल्या काळात कोणाकडे काही मागू नये. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ मध्ये आले. निसर्ग हा महिन्यामहिन्याने वाचायचा असतो, ही दृष्टी त्या पुस्तकाने मराठी वाचकाला दिली. झाडाखालच्या जमिनीला ती दृष्टी कधी लागू केली गेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या तिन्ही उत्तरांना आधार असतो तो पालापाचोळ्याचा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत झाड तोडण्याला बंदी असतेच, शिवाय पडलेले वाळके पानही बाहेर न्यायचे नाही असा दंडक असतो. यामागची श्रद्धा काहीही असो, परिणाम असा होतो, की पानांचा थर जमिनीवर राहतो, ऊन अडवतो, कुजून माती होतो आणि पाणी धरून ठेवतो. देवराईच्या आत सावली असूनही ती पूर्णपणे कोरडी पडत नाही, याचे एक मोठे कारण हा थर आहे.

*

आता आपल्या आजच्या बागांकडे पाहावे. गृहसंकुलाच्या आवारात गुलमोहर किंवा पर्जन्यवृक्ष असतो. दोन्ही झाडे परदेशांतून आलेली, एक मादागास्करचे आणि दुसरे उष्ण अमेरिकेतले. त्याच्याखालचा पाचोळा रोज झाडून गोळा केला जातो आणि पुष्कळदा जाळला जातो. उघड्या पडलेल्या मातीत गवताचे गालिचे आणून अंथरतात. ते वर्षभरात विरतात आणि पुन्हा आणले जातात. शेवटी कंटाळून तिथे सिमेंटचे ठोकळे बसवले जातात, आणि मग झाडालाही पाणी मिळेनासे होते. या साऱ्या धडपडीच्या मुळाशी बाग बाराही महिने हिरवीच दिसली पाहिजे ही एक कल्पना आहे. ही अपेक्षा आपल्या ऋतूंतून आलेली नाही. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस आणि आठ महिने प्रतीक्षा असते, तिथे आठ महिन्यांची हिरवाई कोणाच्या तरी वाट्याच्या पाण्यातून येते. टँकर ज्या रस्त्याने संकुलात येतो, त्याच रस्त्यावर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका असतात. कालिदासाला दिसलेले घडे आपल्याला दिसत नाहीत, इतकेच.

म्हणून कोरड्या सावलीसाठी वनस्पती निवडणे हा रुचीचा प्रश्न आहे तितकाच न्यायाचाही आहे. निवड करायची तर ती फार कठीण नाही. बुंध्यापासून दूर, घेराच्या कडेला अडुळसा आणि कोरांटी. थोडे आत शतावरी आणि नागदवणा. मोठ्या मुळांमधल्या खोबणींत भुईचाफा, रानहळद, मुसळी. लागवड मृगाच्या सुमारास करावी, मुळे तोडू नयेत, बुंध्याभोवती मातीचा ढीग चढवू नये, पहिली दोन वर्षे थोडे पाणी द्यावे आणि पाचोळा असेल तिथेच राहू द्यावा. रोपे रानातून उपटून आणू नयेत, वाढवलेलीच घ्यावीत. पांढऱ्या मुसळीसारख्या औषधी कंदांची रानातली खोदाई आधीच फार झाली आहे. अशी बाग मार्च-एप्रिलमध्ये करडी दिसेल. ते करडेपण सहन करण्याची, किंबहुना त्यातही एक ऋतू पाहण्याची तयारी मात्र हवी.

ही तयारी भाषेतून येते. थिओडोर कुक हा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य होता. १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात त्याने शास्त्रीय नावांबरोबर देशी नावेही नोंदवली. ती नावे त्याला कोणी सांगितली असतील? कातकरी, ठाकर, धनगर, माळी, वैदू. त्यांची नावे नाहीत. त्यांनी दिलेले शब्द तेवढे आहेत. आज रोपवाटिकेत शतावरी मागितली तर सहज मिळते, पण रानहळद मागितली तर विक्रेता गोंधळतो. मागणी नाही म्हणून रोप नाही, रोप नाही म्हणून शब्द नाही आणि शब्द नाही म्हणून मागणी नाही, असे हे चक्र आहे. ते मोडण्याची सुरुवात रोपवाटिकेत होईल तशीच वर्गातही होऊ शकते. कोरांटी, मोरवेल, दिंडा, पेव हे शब्द पाठ्यपुस्तकाच्या तळटीपेत 'एक वनस्पती' एवढ्या अर्थाने संपतात, तिथे शिक्षकाने थोडे थांबावे. 'एक वनस्पती' हा अर्थ नव्हे. अर्थ देण्यातून केलेली ती सुटका आहे.

मोठ्या झाडाखाली लहान झाड वाढत नाही, हे वाक्य यापुढे आपण जरा जपून वापरायला हवे. वाढत नाही ते बाहेरून आणलेले आणि रोज पाणी मागणारे. त्या सावलीचे गणित ज्यांनी आपल्या कंदात आणि मुळांत साठवून ठेवले आहे, ती झाडाखालीच वाढत आली आहेत. त्यांच्याकडे पाहायचे तर वाटसरूला झाडाच्या शेंड्यावरून नजर काढून, बसल्या जागीच थोडे खाली वाकावे लागेल.